चालू करण्याआधी

आमचा जुना कॉम्प्युटर अडला की मी शेजारच्या नानांना हाक मारायचो. दीपनगरच्या वीज केंद्रातून निवृत्त होऊन ते पिंप्राळ्यात राहायला आले होते. कॉम्प्युटरमधलं त्यांना फारसं कळत नसे, पण बंद पडलेलं यंत्र कसं सुरू करायचं, याचे त्यांचे नियम ठाम होते. आधी सगळ्या वायरी काढायच्या. मग "थंड होऊ द्या तेले," म्हणत खुर्ची ओढून बसायचं. तेवढ्यात चहा व्हायचा आणि बॉयलरच्या गोष्टी निघायच्या. माझं ऑफिसचं काम अडलेलं असायचं; मी चुळबुळत घड्याळाकडे बघायचो. नानांना घाई कधीच नसे. शेवटी वायरी जोडून, बटणावर बोट ठेवून ते आम्हा घरच्यांना दरडावायचे, "बठ्ठा मांगे सरका!" आम्ही सगळे हसू दाबत मागे भिंतीपाशी जाऊन उभे राहायचो. कधी कॉम्प्युटर सुरू व्हायचा, नाहीतर पुन्हा वायरी, पुन्हा चहा.

दिवाळीत मुलीने पुण्याहून नवा लॅपटॉप आणला. नाना बाह्या दुमडतच बघायला आले.

"वायरी कोठे शेत?"

"लागतच नाहीत, नाना," मी ऐटीत म्हणालो आणि झाकण उघडलं. लगेच स्क्रीन उजळली.

"चांगलं शे," ते म्हणाले.

मी खुर्ची पुढे केली, चहा टाकायला सांगतो म्हणालो.

"आता कशाले?" म्हणत त्यांनी बाह्या खाली केल्या, आणि कोणी न सांगताच दोन पावलं मागे सरले.