निदर्शनास आलेले नाही

खात्यात तिला सगळे उत्तरबाई म्हणत. अगदी तोंडावर म्हणत, आणि तिलाही आता त्याचं काही वाटेनासं झालं होतं. सभागृहात सदस्य प्रश्न विचारतात आणि मंत्री उठून उत्तर देतात, एवढं जगाला माहीत असतं. ते उत्तर येतं कुठून, हे कोणी विचारत नाही. पेन्शन खात्यापुरतं ते उत्तरबाईच्या टेबलावरून येई. मंत्री आले आणि गेले, एक जण तर खुर्ची ऊब धरायच्या आत गेला. उत्तरं मात्र तिचीच राहिली.

या कामाला अक्कल लागते, पण ती दाखवायची नसते. प्रश्नाची भाषा ठरलेली: अमुक झाले हे खरे आहे काय, असल्यास कारणे काय, नसल्यास विलंब का. उत्तराचीही ठरलेली. खर्चाचं विचारलं तर 'तपशील पटलावर ठेवला आहे', आणि तो इतका जाडजूड ठेवायचा की विचारणाऱ्याने पहिल्या पानावरच मान टाकावी. सुरक्षेचं विचारलं तर 'सुरक्षेच्या कारणास्तव सांगता येणार नाही'. काहीच ठाऊक नसेल तर 'माहिती गोळा करण्यात येत आहे'. अशी कितीतरी घोंगडी तिने भिजत घातली होती, आणि त्यातली काही अजून वाळायची होती.

पण सगळ्यात गुणाचं वाक्य म्हणजे 'असे निदर्शनास आलेले नाही'. खात्यात कानावर आलेलं निदर्शनास आलेलं धरत नाहीत. कागदावर उतरून, आवक शिक्का बसून टेबलावर पडलं, तरच ते आलं. त्यामुळे अडचणीची गोष्ट सगळे एकमेकांना तोंडी सांगत, जिन्यात, नाहीतर चहाचा कप हातात धरून, आणि कोणी म्हणून लिहीत नसे. साप मरावा आणि काठीही तुटू नये, अशी व्यवस्था. उत्तरबाईने ती बांधली नव्हती, पण इतकी वर्षं तिच्यात राहून ती तिची झाली होती.

घरी ती आणि तिची ताई. उत्तरबाईने लग्न केलं नाही. का, हे विचारून विचारून लोकच दमले. ताईचे यजमान गेले, मुलगा परदेशी स्थायिक झाला, तेव्हा ताई दोन बॅगा घेऊन धाकटीकडे राहायला आली. ताई टेलिफोन ऑपरेटर होती. फोन माणसांच्या हातांनी जोडले जात त्या काळातली. कानाला यंत्र लावून तिने गावभरची भांडणं, सोयरिकी आणि मरणाच्या बातम्या ऐकल्या, आणि त्यातली एकही बाहेर काढली नाही. शेजारणींनी कितीही खोदून विचारलं तरी ताकास तूर लागू द्यायची नाही. स्वयंपाक तिला बेताचाच येई आणि देखणी म्हणावी अशीही ती कधी नव्हती. पण 'माझ्या पोटात गेलेलं बाहेर येत नाही' हे ती मान ताठ करून सांगे. तिच्या सगळ्या आयुष्याचा अभिमान त्या एका वाक्यात होता.

दोघी बहिणींचा एक जुना खेळ होता. धाकटी दमूनभागून घरात शिरली की ताई भाजी चिरता चिरता विचारी, आज दूध आणायचं राहिलं हे खरे आहे काय? धाकटी चपला काढत म्हणे, अंशतः खरे आहे. असल्यास कारणे काय? माहिती गोळा करण्यात येत आहे. मग ताई सुरी खाली ठेवून स्वतःच पिशवी घेऊन दुकानात जाई आणि जाताना म्हणे, या सरकारच्या भरवशावर राहिलं तर बिनदुधाचा चहा प्यावा लागेल.

तो फोन आला तेव्हा ताई घरी एकटीच होती. बोलणारा मोठा गोड होता. त्याला धाकटीच्याच खात्याने दिलेला तिचा पेन्शन क्रमांक ठाऊक होता, बँकेची शाखा ठाऊक होती, यजमान कधी गेले ते ठाऊक होतं. खात्याने जिचं बिल दिलं ती गुडघ्याची शस्त्रक्रियासुद्धा ठाऊक होती. एवढं जाणणारा माणूस खात्यातलाच असणार, असं ताईला वाटलं, आणि कुणालाही वाटलं असतं. पेन्शन बंद पडेल म्हणून त्याने मोबाईलवर आलेला आकडा विचारला, तिने सांगितला, आणि त्या महिन्याचं पेन्शन गेलं.

पैशांचं तिने सोडून दिलं असतं. मुलाने फोनवर ऐकवलं ते मात्र तिला सुटेना. तूच कुणाजवळ तरी सगळं बडबडली असशील आई, तो म्हणाला, नाहीतर त्यांना गुडघ्यापर्यंतचं कसं कळेल? मोबाईल बंद करून ताईने स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये, कात्री आणि सुतळीच्या गुंड्यांजवळ ठेवून दिला. त्यानंतर दार वाजलं तरी ती उघडेना. एकदा जेवताना मध्येच थांबून म्हणाली, "मी बोलले असेन का गं कुठे? वय झालं की माणसाला आठवत नाही." उत्तरबाई मान खाली घालून पानातला भात कालवत राहिली.

कारण तिला माहीत होतं. त्याच आठवड्यात संगणक विभागातल्या इंजिनिअरने तिला जिन्यात गाठलं होतं. पेन्शनर हयात आहेत की नाहीत हे फोन करून बघायचं काम खात्याने बाहेरच्या एका कंपनीला दिलं होतं, आणि त्या कंपनीने पेन्शनरांची अख्खी यादी, आजारपणांसकट, इंटरनेटवर उघडी टाकली होती. कुणीही यावं आणि उचलून न्यावी. आता झाकली आहे, इंजिनिअर म्हणाला, पण लेखी काही मागू नका हं बाई. तिने मान हलवली. कुंपणानेच शेत खाल्लं होतं.

घरी येऊन एक वाक्य सांगायला काय लागलं असतं? काही नाही. पण आजवर खात्यातलं तिने घरी आणलं नव्हतं, तसा नियमच होता. शिवाय ताई ते मुलाला सांगणार, मुलगा चारचौघांना, आणि मग बातमी फुटली कुठून, याची चौकशी. निवृत्तीला थोडे महिने राहिलेले. उत्तरबाई घाबरली, सरळ शब्दांत सांगायचं तर घाबरली, आणि या भीतीला तिने शिस्त असं नाव दिलं. ताईने खात्याकडे तक्रार करू का असं विचारलं, तेव्हाही ती म्हणाली, थांब, अधिवेशन संपू दे, आता कुणाला वेळ नसतो. ताई थांबली. मोठी असून ती नेहमी धाकटीचं ऐके, कारण धाकटी सरकारात होती.

आणि मग तो प्रश्न आलाच. विचारणारे सदस्य म्हणजे एक म्हातारे वकील. आवाज बारीक, चष्मा दोऱ्याने गळ्यात बांधलेला, आणि मंत्र्यांना त्यांच्याइतकी धडकी कुणाची भरत नसे. पेन्शनधारकांची खाजगी माहिती बाहेर गेली हे खरे आहे काय, माहितीच्या सुरक्षेवर किती खर्च झाला, आणि खर्च होऊनही माहिती गेली असल्यास जबाबदार कोण.

खर्चाचा तपशील तिने पटलावर ठेवायला दिला. सुरक्षेच्या तपासणीचं सुरक्षेच्या कारणास्तव सांगता येत नव्हतं. राहिला पहिला भाग. त्यापुढची जागा तिने कोरीच ठेवली आणि कागद घेऊन सचिवांकडे गेली. साहेब तसे वाईट नव्हते, फक्त थकलेले होते, तिच्यासारखेच. लेखी काही आलंय का, त्यांनी विचारलं. नाही, ती म्हणाली. मग बाई, मी तुम्हाला काय शिकवायचं, असं म्हणून त्यांनी कागद तिच्याकडे सरकवला. तिने तिथेच उभ्या उभ्या ते वाक्य लिहिलं. हाताला सवय होती, डोकं लागलं नाही.

उत्तर लिहून काम संपत नाही. सदस्य उठून आयत्या वेळी काय विचारतील त्याचा अंदाज बांधून उपप्रश्नांची उत्तरंही मंत्र्यांच्या हातात द्यावी लागतात. यात उत्तरबाईचा हात धरणारा कोणी नव्हता. एकाही पेन्शनधारकाची तक्रार आली आहे काय, हा प्रश्न वकील विचारणारच हे तिने ओळखलं, आणि त्यापुढे लिहिलं, एकही तक्रार प्राप्त नाही. आवक विभागाकडून खात्रीही करून घेतली. अक्षरन् अक्षर खरं होतं ते. ते खरं राहावं म्हणून ताईला कोणी थांबवलं, हे आवक विभागाला कसं कळणार? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

त्या दिवशी ती अधिकाऱ्यांच्या गॅलरीत बसली होती. सभागृहाच्या एका कडेला काचेमागे ही गॅलरी. तिथून मंत्र्यांना चिठ्ठी पाठवता येते, बोलता येत नाही. वकील उठले आणि त्यांनी नेमका तोच उपप्रश्न विचारला. अंदाज खरा ठरल्याचा आनंद एरवी तिला होई. मंत्र्यांनी कागद चाळले, त्यांना ते पान सापडेना, आणि त्यांनी काचेकडे पाहिलं. तिने चिठ्ठीवर 'एकही नाही' असं लिहून शिपायाच्या हाती दिलं. चिठ्ठी मंत्र्यांपर्यंत जाताना ती बघत होती. परत बोलावता आली असती, पण काय लिहून?

"एकही नाही," मंत्री म्हणाले. एवढ्यावर थांबते तर बरं होतं. पण चिठ्ठीने त्यांना जोर चढला. "अध्यक्ष महाराज, आपले ज्येष्ठ नागरिक भोळे असतात. फोनवर कुणी गोड बोललं की स्वतःच सगळं सांगून बसतात, आणि मग खात्याच्या नावाने ओरडतात."

सभागृह हसलं. दोन्ही बाजू हसल्या. कामकाजाच्या नोंदीत अशा ठिकाणी कंसात 'हशा' असं छापतात. वकील मात्र हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून छातीवर सोडला आणि ते खाली बसले. पुढचा प्रश्न रस्त्यांचा होता. शेजारच्या अधिकाऱ्याने हळूच 'छान निभावलंत' म्हटलं, तेव्हा उत्तरबाईला वाटलं, आपण इथून उठून कुठेतरी जाऊन नुसतं झोपावं.

सभागृहाचं कामकाज टीव्हीवर दाखवतात, आणि ताई ते न चुकता बघे. धाकटी कधी पडद्यावर दिसत नसे, पण मंत्री बोलू लागले की ताई शेजारणींना सांगे, हे आमच्या घरचं अक्षर आहे.

संध्याकाळी उत्तरबाई घरी आली तेव्हा टीव्ही बंद होता. ताई स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती, समोर भाजी नव्हती, सुरी नव्हती. धाकटीने चपला काढल्या. तिला वाटलं, ताई रडेल, नाहीतर बोलेल तरी. ताईने तो जुना खेळच काढला, पण आवाज खेळाचा नव्हता.

"माहिती माझ्या तोंडून गेली, हे खरे आहे काय?"

उत्तरबाई भिंतीला टेकली. ठेवणीतली सगळी वाक्यं तिला आठवली, आणि प्रत्येकाची किळस आली.

"नाही," ती म्हणाली. "हे खरं नाही, ताई. तू कुणाला काही सांगितलं नव्हतंस. सगळी यादीच आमच्याकडून गेली."

ताईने डोळे मिटले. तिचे खांदे खाली आले. कित्येक दिवस डोक्यावर धरलेलं ओझं कुणी उतरवून घ्यावं, तशी ती बसली होती. उत्तरबाईला वाटलं, झालं, सुटले. मग ताईने डोळे उघडले.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

जगातले सगळे उपप्रश्न आधी ओळखणाऱ्या बाईने हा एक धरला नव्हता.

"तुला तो फोन आला त्याच आठवड्यापासून," ती म्हणाली.

नळाचं पाणी ठिबकत होतं ते ताईने उठून बंद केलं. ड्रॉवर उघडून मोबाईल बाहेर काढला, चार्जरला लावला, आणि त्याच ड्रॉवरमधून कागद आणि पेन काढून धाकटीच्या पुढ्यात ठेवलं. तिच्याकडे न बघताच ती म्हणाली, "तक्रार द्यायची आहे मला. मी सांगते, तू लिही. माझा हात थरथरतो."

उत्तरबाईने खुर्ची ओढली. पेन हातात घेतलं. कागद उद्या आवक विभागात जाईल, शिक्का बसेल आणि निदर्शनास येईल. कोणाच्या अक्षरात आहे हेही सगळ्या खात्याला कळेल, कारण ते अक्षर तिथे सगळ्यांच्या ओळखीचं होतं.

"याचं उत्तर कोण देतं?" ताईने विचारलं.

"माझ्याच टेबलावर येईल."

"मग नीट लिही," ताई म्हणाली. "उत्तर द्यायला तुला सोपं जाईल."