राजीनामा झाला, सुटलो

ग्वाल्हेरच्या शिंदे की छावनी भागातल्या घराच्या रजिस्ट्रीच्या आदल्या दिवशी, सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास, माझ्या सासऱ्यांनी पुण्याहून पाठवायचे पैसे थांबवले.

घर दोन भावांचं. त्याचा वरचा मजला आम्ही घेत होतो. वाटणीवरून भावांचा कोर्टात दावा चालू होता आणि तो मिटेपर्यंत बँक कर्ज द्यायला तयार नव्हती. कर्जाबाहेरची, आम्ही स्वतः भरायची रक्कम सासरे देणार होते. ती सोमवारी संध्याकाळपर्यंत आली नाही, तर बुधवारी दुसरं गिऱ्हाईक घर बघायला येणार, असं त्या दोघांतल्या धाकट्याने आधीच सांगून ठेवलं होतं.

दावा शुक्रवारी मिटला. भावांनी समझोता लिहून कोर्टात दिला. ग्वाल्हेरच्या कोर्टात या कागदाला राजीनामा म्हणतात. आमच्या घरात चार पिढ्या मराठी बोलली जाते, पण कचेरीचे शब्द इथलेच. शुक्रवारी संध्याकाळी मी सासऱ्यांना मेसेज केला : ‘राजीनामा झाला. सुटलो.’

पुढचा संवाद माझ्या फोनमध्ये अजून आहे.

‘एकदम?’

‘एकदम कुठलं, तीन महिने मागे लागलो होतो.’

‘लिहून दिलात?’

‘मजकूर मीच टाइप केला.’

‘समोरचे काही बोलले नाहीत?’

‘आधी आढेवेढे घेतले. मग सह्या करून मोकळे झाले.’

‘मुलीला ठाऊक आहे?’

‘पेढे तिनेच आणले.’

यावर उत्तर आलं नाही. शनिवार-रविवारीही नाही.

सोमवारी पैसे थांबल्याचं कळताच बायकोने पुण्याला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

“बाबा, पैसे का थांबवलेत?”

“नवऱ्याने नोकरी सोडली आणि तू पेढे वाटतेस? बँकेचे हप्ते काय पेढ्यांनी फेडणार?”

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी नोकरी सोडलेली नव्हती, तसं सांगितलं. तिने माझा फोन घेऊन मेसेज वाचले आणि हसत जमिनीवर बसली. लग्नानंतर बारा वर्षं ती ग्वाल्हेरात आहे. दोन्ही अर्थ तिला माहीत होते.

“बाबा, इथे राजीनामा म्हणजे समझोता. नोकरी सोडतात तो इस्तीफा.”

“मला मराठी शिकवू नकोस. कागद पाठव.”

कागदाचा फोटो पाठवला. वर ठळक अक्षरांत ‘राजीनामा’. खाली साक्षीदार म्हणून माझी सही. मधला मजकूर हिंदीत, बारीक टाइपात.

“सही जावईबापूंचीच आहे,” सासरे म्हणाले. “आता मला ते ऑफिसात, त्यांच्या खुर्चीवर बसलेले दिसू देत. मग बघू.”

मी एका हिंदी दैनिकाच्या डेस्कवर काम करतो. दुसऱ्यांचे चुकलेले शब्द दुरुस्त करणं, हे ते काम. दुपारी दीड वाजता मी खुर्चीवर बसून व्हिडिओ कॉल लावला. सासऱ्यांना खुर्ची दिसली, टेबल दिसलं. त्यांनी मागचं कॅलेंडरही दाखवायला लावलं. एवढ्यात संपादक तिथून चालले होते. प्रकरण कळल्यावर त्यांनी फोन हातात घेतला.

“बाबूजी, इनका इस्तीफ़ा तो हम कब से माँग रहे हैं, ये देते ही नहीं!”

सगळा डेस्क हसला.

“मागतायत?” सासऱ्यांनी मला मराठीत विचारलं.

“चेष्टा करतायत, बाबा.”

“तुमच्याकडे चेष्टेचाही वेगळा अर्थ असेल.”

आहे. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. ते मी तेव्हा सांगितलं नाही.

संपादकांनी मग सरळ हिंदीत सांगितलं की हा माणूस कामावर आहे आणि आज त्याची पानं वेळेवर जायला हवीत. सासऱ्यांनी त्यांचे आभार मानून फोन ठेवला. पैसे चार वाजून वीस मिनिटांनी जमा झाले.

रजिस्ट्री मंगळवारी दुपारी झाली. तिथूनच मी पुण्याला मेसेज पाठवला. पाठवण्याआधी तो बायकोने दोनदा वाचला.