सुकदेव ड्रायव्हरचे तीन कागद

दाराशी स्टूल टाकून बसणाऱ्या माणसाकडे किस्से आपोआप साचतात. जळगावला सरकारी दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीबाहेर मी शिपाई होतो. शाळा चौथीपर्यंत. नाव पुकारायचं, कागद द्यायचा, एवढंच काम. एड्सचं नाव तेव्हा नवीन होतं. इथली गोष्ट घरी सांगायची नाही, असा साहेबांचा हुकूम. घरी होतं तरी कोण ऐकायला? आता इतक्या वर्षांनी नावं बदलून सांगतो.

जास्त किस्से सुकदेवचे. हा साक्रीकडचा ट्रक ड्रायव्हर. सावद्याहून केळी भरून दिल्लीला जायचा. वाटेत एकदा पाय घसरला, एका बाईकडे गेला, आणि तेव्हापासून त्याच्या जिवाला घोर लागला.

* * *

पहिल्यांदा त्याने खोटं नाव लिहिलं. बरेच जण लिहायचे. आठ दिवसांनी कागद घ्यायला आला. मी पुकारलं, "रमेश नथू!" कोणी उठेना. पुन्हा पुकारलं. शेवटी सगळे गेले, हा एकटाच उरला.

मी विचारलं, "भाऊ, रमेश नथू तुम्हीच का?"

जरा विचार करून म्हणाला, "हां, तेच व्हई बहुतेक!"

* * *

त्या कागदात काही निघालं नाही. पण डॉक्टर म्हणाले, "लागण नवी असेल तर लगेच दिसत नाही. तीन महिन्यांनी परत या."

बाहेर येऊन मला म्हणतो, "नाना, मंग हाऊ कागद खरा शे का खोटा?"

मला काय कळतं! मी म्हटलं, "चहा पी."

* * *

ते तीन महिने घरी त्याने ताट वेगळं केलं, अंथरूण ओट्यावर टाकलं. बायकोला सांगितलं, "मनं व्रत शे." ती बिचारी श्रद्धेने रोज भगर रांधून वाढायची! ड्रायव्हर माणूस, भगरीवर पार वाळला. आणि वजन उतरलं तसा घाबरून पळत आला, "नाना, लागना रोग!"

* * *

दुसऱ्या कागदात काही नाही. पुढच्या तीन महिन्यांनी तिसऱ्यातही नाही. डॉक्टर म्हणाले, "आता बिनघोर घरी जा." हा बाकावरून हलेना.

"घरवाली वाट देखी ऱ्हायनी," म्हणाला. "पन इस्वास नही बसस, नाना. हाई मशीन सगळासले 'नही'च लिखत व्हई! एखादा तरी रोग 'शे' असा कागद दखाडा."

 तसे कागद मीच माझ्या हातांनी दिलेले. पण दाखवायचा कुणाचा?

बाकाच्या दुसऱ्या टोकाला पहूरचा एक माणूस होता. सकाळी मी त्याला कागद दिला, तेव्हापासून घडी मुठीत धरून बसलेला. एकटाच. तो सरकत सरकत जवळ आला. घडी उलगडून त्याने कागद सुकदेवच्या मांडीवर ठेवला.

"मशीन चांगलं हाय, भाऊ," म्हणाला. "जा तुम्ही घरी."