टाक्यांची पत्रिका बघणारे अण्णा

अण्णा कुणाच्या घरी, दवाखान्यात किंवा लग्नाच्या कार्यालयात शिरले की आधी माणसांकडे बघत नसत, टाकीकडे बघत. टाकी म्हणजे पाण्याची नव्हे. वाफेची, हवेची, जिच्या पोटात दाब असतो ती. अशी टाकी दिसली की खिशातून जुन्या स्कूटरची किल्ली काढायची, रंगाचे थर खरवडायचे आणि खालची पाटी उघडी करायची. टाकी कुणी बनवली, कधी बनवली, किती दाब सोसते, ते त्या पाटीवर कोरलेलं असतं. अण्णा तिला पत्रिका म्हणत. सख्ख्या भाचीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना हा माणूस आचाऱ्याच्या वाफेच्या टाकीमागे उकिडवा बसून किल्ली चालवत होता. आचारी म्हणाला, "अहो मामा, मुलीच्या मागं उभं राहायचं सोडून इथं काय करताय?" अण्णा म्हणाले, "नवरदेवाची पत्रिका समद्यांनी बगितली. हिची कुनी बगितली का?"

अण्णा जामखेडचे. नगरच्या एमआयडीसीत माझा मक्याचे दाणे आणि आमरस डबाबंद करण्याचा लहानसा कारखाना आहे, तिथे ते आठ वर्षं फिटर होते. भरलेले डबे शिजवायला रिटॉर्ट नावाची आडवी टाकी लागते. प्रेशर कुकरच तो, फक्त आत माणूस झोपेल एवढा. त्याच्या दारापाशी बारा बायका काम करतात. मी फूड टेक्नॉलॉजी शिकलेली, शहरात सावेडीला राहणारी आणि तोंडाने फटकळ. अण्णा सातवी शिकलेले, आवाज कधी न चढवणारे. आमचं रोज वाजायचं, आणि खरं सांगते, मला ते वाजणं आवडायचं.

त्यांचा एक ठरलेला प्रश्न होता, "हे कुनाला इचारून केलं?" कुणी पाइपला नवीन तोटी बसवली, की विचारलंच. आमच्याकडे सत्यनारायणाला आले, तेव्हा तीर्थप्रसाद घेऊन थेट स्वयंपाकघरात गेले. सासूबाईंच्या कुकरच्या झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह सारखा उडायचा, म्हणून त्यांनी बाजारातल्या एका दुरुस्तीवाल्याकडून तिथे चक्क स्क्रू मारून घेतला होता. अण्णांनी झाकण उचललं आणि पिशवीत घातलं. सासूबाई म्हणाल्या, "अहो, माझं झाकण!" "आजी, ह्यो कुकर राहिला न्हाई. सुतळीबॉम्ब झालाय. तेवडीच तर जागा हुती त्याला श्वास सोडायला." नवा व्हॉल्व्ह घातलेलं झाकण तिसऱ्या दिवशी परत आलं. तोवर आम्ही भात पातेल्यात शिजवला आणि सासूबाईंनी अण्णांचा उद्धार केला.

मला मोठं कुतूहल होतं, की या माणसाला ही धास्ती लागली कुठून? कारखान्यात नाना तर्क चालत. कुणी म्हणे साखर कारखान्यात डोळ्यांदेखत स्फोट झाला, कुणी म्हणे भाऊ गेला. एके दुपारी मी सरळ विचारलं, "अण्णा, तुमच्या बाबतीत काय झालं होतं हो?" ते डबा खात होते. बराच वेळ आठवून म्हणाले, "काहीच न्हाई की. तीस वर्षं झाली, माझ्या हाताखाली एक बी टाकी फुटली न्हाई." मग ठेच्याचं बोट चाटत म्हणाले, "फुटल्यावर शानपन यायला काय लागतंय?"

आठव्या वर्षी खंडेनवमीला मला उत्साह आला. दरवर्षी आम्ही रिटॉर्टला नवा ऑइलपेंट देतो, हळदकुंकू लावतो, झेंडूची माळ घालतो. पण समई आणि देवाचा फोटो ठेवायला जागा नसायची. म्हणून मी आदल्या दिवशी बाहेरचा वेल्डर बोलावला आणि टाकीच्या अंगावरच वीतभर पट्टी वेल्डिंग करून घेतली. काय छान दिसत होतं! सकाळी अण्णा जामखेडहून झेंडूची टोपली घेऊन आले. पट्टी बघितली. फुलं खाली ठेवली. पूजा झाली, आरती झाली, टाळ्या त्यांनीही वाजवल्या. आणि वाफ सोडायची वेळ आली तेव्हा त्यांनी वाफेचा व्हॉल्व्ह ज्याने उघडतात ते चाक पान्याने सोडवलं आणि मांडीवर घेऊन स्टुलावर बसले.

"अण्णा, दसऱ्याचा माल जायचाय."

"न्हाई जायचा."

"अहो, एवढीशी पट्टी! तीही देवासाठी."

"देवाची असली तरी आगीनंच चिकटवली ना, मॅडम? तिथलं लोखंड तापलं, झटक्यात निवलं, कडक झालं. आता दर खेपेला टाकी फुगनार, आकसनार, आन् ती जागा फुगायला नको म्हननार. एक दिस तिथंच चीर जाईल. बाहीरून दिसनार बी न्हाई."

"आपल्याकडे तपासणीचा दाखला आहे टाकीचा."

"दाखला जुन्या टाकीचा हाय. ही आता येगळी टाकी झाली. हिला कुनी तपासलंय?"

त्यांचं म्हणणं मला समजत होतं, हीच तर गंमत. पण बारा बायका, पूजेला आलेला वेल्डर, टेम्पोवाला, सगळे बघत उभे होते. माझं डोकं फिरलं. "चाक ठेवा आणि निघा. उद्यापासून येऊ नका," मी ओरडले. अण्णा म्हणाले, "बरं. टाकी तपासली की चाक देतो." चाक पिशवीत घालून निघून गेले. सणासुदीचं कुठून दुसरं चाक आणणार? नाइलाजाने पट्टी कापून काढली आणि दाखला देणाऱ्या इंजिनिअर साहेबांना बोलावलं.

साहेबांनी त्या जागी लाल रंग लावला, पुसला, वर पांढरी पावडर फवारली. चीर असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. अण्णा लांब दाराशी उभे होते, कुणी न बोलावता आलेले. रेघ उमटली नाही. मग पाण्याचा दाब देऊन बघितला, तोही टाकीने सोसला. मी जिंकल्यासारखी वळले, "बघा अण्णा! काहीही झालं नव्हतं!" वाटलं, आता मान खाली घालतील. कसलं काय! असा खुललेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. "लई बेस झालं," म्हणाले आणि नाक्यावर जाऊन पेढे घेऊन आले. आधी साहेबांना, मग बायकांना, शेवटी मला. चाक जागेवर बसवलं, नमस्कार केला आणि जामखेडची एसटी धरली. 'थांबा' एवढंच म्हणायचं होतं मला. मी पेढा तोंडात टाकला आणि माल मोजायला वळले.

नवा फिटर हुशार, चटपटीत, प्रत्येक गोष्टीला "हो मॅडम". रिटॉर्टचं दार आतला दाब पुरता उतरल्याशिवाय उघडू नये म्हणून त्याला एक खटका असतो. त्यात दर खेपेला पाच मिनिटं जातात, अशी मी चालता चालता कुरकुर केली होती. आठवड्याने त्या बारा जणींतल्या शोभाताईंनी दार ओढलं आणि वाफ फसकन बाहेर आली. त्या बाजूला उडाल्या म्हणून निभावलं, पण मनगटापासून कोपरापर्यंत हात भाजला. खटका ग्राइंडरने घासून निकामी केलेला होता. मी फिटरच्या अंगावर धावून गेले, "कुणाला विचारून केलंस हे?" तो घाबरून म्हणाला, "मॅडम, तुम्हीच म्हणाला होता ना, वेळ जातोय."

खटका मूळचा बसवून घेतला, टाकी तपासून घेतली आणि त्याच आठवड्यात जामखेड गाठलं. अण्णा ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा निवडत होते. सगळं ऐकून आधी विचारलं, "पोरीच्या हाताला कातडी धरली का?" धरली, म्हटलं. मग त्यांनी आत वळून चहा सांगितला.

"अण्णा, परत चला," मी म्हणाले. "चुकलं माझं."

"येतो की. घरी बसून कटाळा आलाय." शेंगा बाजूला सारून त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, टाकीची पाटी वाचावी तसं, नीट. "येक सांगा. पुन्यांदा सनाच्या दिवशी, समद्यांम्होरं न्हाई म्हनलो, तर काढताल का?"

मी तोंड उघडलं. डोळ्यांपुढे तो टेम्पो दिसला, बघणारी माणसं दिसली, माझा चढलेला आवाज ऐकू आला. नाही काढणार, असं म्हणायला किती वेळ लागतो? मी उघडलेलं तोंड आतून आलेल्या चहाच्या कपाला लावलं.

अण्णा हसले. "असू द्या. खोटं बोल्ला न्हाईत, ते लई झालं." निघताना भुईमुगाच्या शेंगांची पिशवी गाडीत ठेवली. पुन्हा तो विषय काढला नाही, आणि आलेही नाहीत.

मागच्या उन्हाळ्यात ते गेले. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर, 'नाही काढणार', मला त्याच दिवशी परतताना आष्टीच्या पुढे आल्यावर, गाडीतच सापडलं होतं. तेव्हा गाडी वळवायला हवी होती. उशीर झालाय, उद्या फोन करू म्हटलं, आणि तो फोन मी केलाच नाही.