दोन ठिगळांची ट्यूब

हे अजून माझ्या तोंडून कधी बाहेर पडलेलं नाही. बायकोजवळ नाही, बापूजवळ नाही — आणि ज्याच्याजवळ पडायला हवं होतं त्याच्याजवळ तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. यात धैर्याचा काही भाग नाही, हे मला समजतं.

आम्ही चौघे सुरतेच्या उधन्यात एकाच कारखान्यात लूम चालवायचो. मी, दामू, एकनाथ आणि बापू. चौघेही पारोळा-अमळनेरकडचे. घरी अहिराणी, शेठशी गुजराती आणि पोलिसाशी हिंदी, एवढं सुरतेनं आम्हाला शिकवलं होतं. मला ते मास्तर म्हणत. मी कधीच मास्तर नव्हतो. नोकरी लूमवर आणि शिक्षण रद्दीवर — रद्दीवाल्याकडून मिळेल ते आणून वाचायचं आणि कुणी विचारलं नाही तरी ऐकवायचं.

त्या रद्दीतच ते चित्र आलं. सुरतेत प्लेग आला, त्याच्या आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात. हिमालयातली कुठली तरी नदी, पांढरा फेस, रबरी होडी आणि होडीत हेल्मेट घालून तोंडं वासलेली सात-आठ माणसं. मी म्हटलं, पाण्यात पडायला जायचं आणि डोक्यावर टोप घालायचा, हा भरल्या पोटाचा खेळ आहे. सगळे हसले. एकनाथ मात्र चित्राकडे बघत राहिला. तो गिरणाकाठचा, पोहण्यात आमच्यात सर्वांत पक्का. दिवाळीनंतर त्याचं लग्न ठरलं होतं. तो म्हणाला, आपण करू. टोप नको आपल्याला.

आमच्या भागाची वीज आठवड्यातून एक दिवस बंद असायची, तीच आमची सुट्टी. बापूच्या मेहुण्याचं टायरचं दुकान होतं. तिथून त्यानं ट्रकच्या चार जुन्या ट्यूब आणल्या, हवा काढून, घडी घालून. बिलीमोऱ्याहून वघईला छोटी गाडी जाते. ती इतकी सावकाश की बापू वाटेत उतरून आडोशाला जाऊन आला आणि त्याच डब्यात पुन्हा चढला. वघईत पंक्चरवाल्याकडे हवा भरली, बाजारातून बांबू घेतले आणि अंबिका नदीच्या काठाने वर चालत गेलो. चार बांबू, चार ट्यूब, चार कोपरे, चार माणसं. प्रत्येकानं एक कोपरा बांधायचा.

दोरी आम्ही कारखान्यातूनच आणली होती, वाया गेलेल्या पॉलिस्टरच्या दोऱ्यांना पीळ देऊन केलेली. आणि बांधलं कसं? लूमवर बांधतो तसं. ताण्यातला, म्हणजे उभा, धागा तुटला की विणकर तो पापणी लवायच्या आत सांधतो. ती गाठ बारीक आणि चपटी असते, कारण तिला फणीच्या फटीतून जायचं असतं. आमची बोटं दुसरी गाठ विसरलीच होती. ही गाठ ताण असेपर्यंत धरते. ताण गेला, धागा सैल होऊन हलू लागला, की उकलते — पॉलिस्टरवर तर फारच लवकर. हे आम्हाला माहीत नव्हतं का? रोज बघत होतो. पण एका कोपऱ्याला तीस-चाळीस गाठी, त्यातल्या दहा सुटल्या तरी काय बिघडतं, असा आमचा हिशेब. अशी चूक दुसऱ्या कुठल्या धंद्यातल्या माणसानं केली नसती.

पण मी सगळ्यांची चूक सांगत बसलोय. ती माझ्या कामाची नाही.

मी माझ्या कोपऱ्याला पंधराएक गाठी मारल्या आणि उठलो. कारण मला भाषण सुचलं होतं. त्या दिवसांत सुरतेत पाणपोई उघडायची तरी पाहुणे, हार आणि शाल लागायची. मला त्या प्रकाराची शिसारी होती, आणि त्याची नक्कल माझ्याइतकी चांगली कुणी करत नसे. दगडावर उभा राहून मी तराफ्याचं उद्घाटन केलं. माननीय, सन्माननीय, सगळं. बापू हसून हसून खाली बसला. दामू हसत होता, पण त्याचे हात थांबले नव्हते. दामू आमच्या खात्यातला गाठीचा राजा. इतरांचा धागा तुटला की ते त्याला हाक मारत. त्याच्या कोपऱ्याला साठ तरी गाठी असतील.

माझ्या उरलेल्या गाठी? भाषण संपल्यावर मारणार होतो.

ट्यूब सगळ्याच जुन्या. दोन ट्यूबवर पंक्चरची लाल ठिगळं होती — दामूनं बांधलेलीवर एक, मी बांधलेलीवर दोन, शेजारी शेजारी. ठिगळवाल्या ट्यूब एक नाही, दोन आहेत, हे माझ्याशिवाय कुणी पाहिलं नव्हतं. तराफा उचलून, फिरवून पाण्यात घातल्यावर कुठला कोपरा कुणाचा हे कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही. मी एकनाथच्या खांद्यावर टॉवेल टाकला, त्याला प्रमुख पाहुणे केलं आणि म्हटलं, पाहुण्यांना लाल गालिचा. ठिगळवाल्या ट्यूबवर बसवलं. दोन ठिगळांच्या.

मुद्दाम नाही. तेवढं तरी नाही. पण गाठी अर्ध्या आहेत हे त्या क्षणी मला आठवत होतं का? आठवत होतं. आता सगळे बसले होते, हसत होते. उठा, मला गाठी मारायच्या आहेत, असं म्हणायचं — आणि भाषणाची सगळी मजा घालवायची?

पहिला खळाळ आम्ही ओरडत पार केला. दुसऱ्यात तराफा कडेच्या खडकाला लागला, एक बाजू वर उचलली गेली, दोऱ्या सैल पडल्या, आणि कुणी मागून खुर्ची ओढावी तशी ती ट्यूब एकनाथखालून निघाली. मग तराफाच उलटला. बापू झुडपाला अडकला. मी आणि दामू पुढे वळणावर काठाला लागलो. बांबू सुटे होऊन वाहत गेले.

एकनाथ दिसत नव्हता. आम्ही काठाने खाली धावत सुटलो, मी पुढे, दामू मागे. दामू त्याच्या नावानं हाका मारत होता. आणि मला ती ट्यूब दिसली. उंबराच्या मुळांत अडकली होती. दोन ठिगळं वर. बांबूचा एक तुकडा आणि दोऱ्याची टोकं तिला लोंबत होती. टोकं तुटलेली नव्हती, नुसती उकललेली.

मी ती पायानं मुळांतून सोडवली आणि प्रवाहात ढकलून दिली.

एकनाथ जिवंत आहे की नाही हे अजून कळलं नव्हतं. बुडणाऱ्या माणसाला ती ट्यूब धरता आली असती, हेही माझ्या मनात आलं नाही. दामू वळणावरून येण्याआधी ती दिसेनाशी व्हावी, एवढंच मी पाहत होतो.

संध्याकाळी खालच्या पाड्यातल्या माणसांनी एकनाथला काढलं. बाकी अंगावर ओरखडाही नव्हता. दगड लागला होता डोक्याला.

दामू माझ्या शेजारी ओल्या कपड्यांत बसला होता. त्यानं विचारलं, "मास्तर, लाल ठिगळवाली ट्यूब मीच बांधेल व्हती ना?"

मी म्हटलं, "असेल."

एवढंच. एका शब्दाचं खोटं. साठ गाठी मारणाऱ्याच्या मनात शंका यावी आणि पंधरा मारून भाषणाला उठणाऱ्यानं ती पक्की करावी.

चार दिवसांनी एकनाथचा थोरला भाऊ गावाहून आला. आम्हा तिघांना समोर बसवून तो मला म्हणाला, "तू शिकेल शे. तू सांग, तो कोपरा कोनी बांधा व्हता?" मी तोंड उघडायच्या आत दामू बोलला, "मना हातन्या गाठी व्हत्यात, भाऊ." भावानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. होकारार्थी. त्यानं दामूला मारलं नाही, शिवी दिली नाही. उठून गेला. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं दामू नंतर बापूला म्हणाला.

पुढे दामूची बोटं अडखळू लागली. धागा तुटला की तो दोन टोकं हातात घेऊन नुसता उभा राहायचा. मागचा लूम थांबायचा, शेठ ओरडायचा. होळीनंतर तो काम सोडून गेला. त्या वर्षी प्लेगच्या भीतीनं अर्धी सुरत गाव सोडून पळाली, मीही पळालो, परत आलो. दामू परत यायचा प्रश्न नव्हता.

तीनेक वर्षांनी बापूकडून कळलं, तो बारडोलीजवळ एका गुऱ्हाळावर आहे. मी आखाजीच्या, अक्षय्य तृतीयेच्या दिवशी गेलो. सांगायचं ठरवून गेलो होतो — असं मी आजवर स्वतःला बजावत आलोय.

दामूला इतका आनंद झाला की मला बसायला काय द्यावं हे त्याला सुचेना. खोलीच्या दाराशी त्यानं घागर भरून ठेवली होती, वर खरबूज, बाजूला सांजोऱ्या. आखाजीला आपण आपल्या घरच्या गेलेल्या माणसांसाठी भरतो तशी. मी विचारलं, वडिलांची का? म्हणाला, वडील गावी आहेत, बरे आहेत. ही एकनाथची. त्याला पोर ना बाळ, भावानं भरली तर भरली. आपल्या हातानं गेला, तर आपण भरायला नको?

मी तिथे जेवलो. पुरणपोळी दोनदा घेतली.

निघताना दामूनं गुळाची ढेप पोत्याच्या फडक्यात गुंडाळली, फडक्याची टोकं वर गोळा केली आणि सुतळी माझ्या हातात दिली. म्हणाला, "तूच बांध, मास्तर. मी गाठ बांधत नही आता."

मी बांधली. बोटांना जी येत होती तीच पडली, एकच, घाईघाईत. बारडोलीहून उधन्यापर्यंत बसमध्ये ती ढेप माझ्या मांडीवर होती. खड्ड्याखड्ड्यागणिक मी गाठीकडे बघत होतो.

सुटली नाही. घरी येऊन मला ती विळीवर कापावी लागली.