माथ्यावरचं बी

कवठे महांकाळहून निघालो तेव्हा मांडीवर रॉकेलचा डबा होता आणि त्यात वीतभर चीड (सुयांसारख्या पानांचं हिमालयातलं झाड). खोटं कशाला बोलू, मी नामदेवला भेटायला नव्हे, रोपाशी रोप ताडून त्याची लबाडी पकडायला चाललो होतो.

आम्ही दोघे एकाच पलटणीतले. लढाई संपली तेव्हा छावणी उत्तरेच्या डोंगरात होती. गावी लावायला म्हणून चिडीची बोंडं गोळा केली. मी धापा टाकत थेट माथ्यावर गेलो. हा आळशी पायथ्यालाच वाकून मोकळा! कीव येऊन मीच त्याला माझं मूठभर बी दिलं. तीन वर्षांनी त्याचं पत्र आलं : 'रोपं कमरेला लागली.' आणि माझं वीतभर! अन्नावरची वासनाच उडाली.

सातारा रोडला आगगाडी सोडली, सर्व्हिस मोटारीनं सातारा गाठला आणि दुसऱ्या मोटारीनं नामदेवचं मेढा. वळणावळणावर डबा कलंडून माती धोतरावर सांडत होती. शेजारची म्हातारी म्हणाली, "आवं, तुळस हाय व्हय?" मी तोंड फिरवलं.

नामदेवच्या परसात दोन ओळी होत्या. पहिली खरंच कमरेइतकी. मी वाकून बुंध्याची माती उकरून पाहिली.

"खत कसलं घालतोस रं?"

"शेणखत. दोनी ओळीस्नी सारखंच."

दुसरी ओळ वीतभरच होती. "ही कुणाची?"

"तुजीच की गड्या! तू दिल्यालं बी." त्यानं शेंड्याचा डोळा (मिटलेला कोंब) दाखवला. "वर माथ्याला बर्फ लवकर पडतंय. म्हणून ह्ये दसऱ्याआदीच वाढ थांबवून डोळा मिटतंय. हितं बर्फ न्हाई, ह्येला कोण सांगणार?"

म्हणजे मी ऊर फुटेस्तोवर चढलो, तेच नडलं! पुढ्यात नाचणीची भाकरी आली, घशाखाली उतरेना.

"पर मला तुजाच लय हेवा वाटतोय," नामदेव म्हणाला. त्याच्या बहुतेक उंच रोपांचे शेंडे काळे पडले होते. "पौषात दंव गोठलं. वाढत व्हती ती करपली, तुजी झोपल्याली वाचली. तुमच्याकडं कुठलं आलंय असलं दंव? भिंतीआडचं ह्ये चांगलं हाय, तू ने. तुजं डब्यातलं हितं ठिव."

खोटं वाटेल, पण त्या काळ्या शेंड्यांनी मला भूक लागली. दोन भाकऱ्या खाल्ल्या.

परतीच्या गाडीत उंच चीड डुलत होती, उतारू विचारत होते आणि मी मिरवत होतो. बी कुठल्या उंचीवरचं, त्यावर झाडाची उंची, हे शहाणपण ऐकवतही होतो. सांगली मागे पडली, मिरजेला गाडी बदलली आणि एकाएकी धस्स झालं. मेढ्याच्या थंडीत माझंच रोप टिकून उद्या मोठं झालं, तर सारं गाव त्याला 'नामदेवची चीड' म्हणणार!