सुरुंगाआधीची हाळी

सुरुंग लावणारा म्हटल्यावर तुमाला लाल डोळ्यांचा, झुपकेदार मिशांचा गडी दिसला असंल. चुकलात राव! आमचा गडी चुलीत काडी लावतानाबी तोंड फिरवायचा.

वाडीमागचा डोंगर खाणवाल्यानं निम्मा खाल्ला व्हता. घराघराच्या भिंतींना तडे गेलेले. उडवायच्या आधी हा "सुरुंगाऽऽय! पळा रंऽऽ!" अशी तीनदा हाळी द्यायचा. वाडी खालच्या पाराकडं पळायची. एका म्हातारीला ऐकूच यायचं न्हाई. तिला हा सोता खाली येऊन हाताला धरून न्यायचा.

वरनं मुकादम बोंबलायचा, "आरं, डंपर खोळंबल्यात!"

"खोळंबू द्या. म्हातारी चालतीया."

एकदा मी घरामागं उभा राहून त्याच्या आवाजात हुबेहूब हाळी दिली. बाया तव्यावरच्या भाकरी टाकून पळाल्या. मी हसून लोळत व्हतो, तवर हा धापा टाकत डोंगरावरनं उतरला. वाटलं, आता हाणतोय. पण त्यानं निस्ता माझा खांदा धरला.

"नकल्या, उद्या मी खरंच वरडलो, आन लोक म्हनले, त्यो नकल्याच असंल, भाकरी भाजून घेऊ, तर? मंग मी वात पेटवू कशी, सांग की!"